बैठकीच्या भिंतीची परीक्षा

सरांनी शब्द दिला तेव्हा त्यांच्या तोंडात दात घासायचा ब्रश होता. पुढे जे काही घडलं त्यात ही गोष्ट त्यांच्या बाजूने कोणीच विचारात घेतली नाही. फेसाळलेल्या तोंडाने माणूस जे बोलतो त्याला पुरावा म्हणत नाहीत, असं सरांचं म्हणणं. पण त्यांच्या पत्नीने ते बोलणं ऐकलं होतं, समजून घेतलं होतं आणि मनाच्या कप्प्यात घडी घालून ठेवलं होतं.

शब्द असा होता: "बैठकीच्या खोलीला या वेळी तुझ्या आवडीचा रंग. तुला विचारल्याशिवाय भिंतीला ब्रश लागणार नाही."

सर म्हणजे तिसरीच्या वर्गाला छत्तीस वर्षं शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले शिक्षक. निवृत्तीनंतरही संध्याकाळी इमारतीतली दहा-बारा मुलं त्यांच्या बैठकीत सतरंजीवर बसून पाढे म्हणत. पाढे आणि पाणी यांचे पैसे घ्यायचे नसतात, असं सर म्हणत. त्यांची पत्नी मोठ्या दवाखान्यात मुख्य परिचारिका. तिला दवाखान्यात सिस्टर म्हणत, म्हणून इमारतीतही सिस्टरच म्हणत. दोघांची खरी नावं आता विजेच्या बिलावर तेवढी उरली होती.

तर या महिन्याच्या अखेरीस सिस्टरही निवृत्त होणार होत्या, आणि त्यानंतरच्या रविवारी त्यांच्या बरोबरच्या अकरा परिचारिका घरी चहाला येणार होत्या. यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. विशेष हे, की संसाराच्या एकतीस वर्षांत सिस्टरांनी दवाखान्यातल्या एकाही माणसाला घरी बोलावलं नव्हतं. कारण ती भिंत.

ही दोघं या घरात राहायला आली त्या वर्षी शाळेला रंग दिला होता आणि फिकट पिवळ्याचे दोन डबे उरले होते. हेडमास्तरांनी ते सरांना देऊ केले. सरांना इतका आनंद झाला, की त्यांनी पत्नीला आनंदाची बातमी म्हणूनच ते सांगितलं. पुढे दर पाच-सहा वर्षांनी शाळेला रंग लागे, दर वेळी डबे उरत, आणि दर वेळी ते इमानेइतबारे सरांच्या घरी येत. त्यामुळे बैठकीत शिरलं, की तिसरी 'ब'मध्ये शिरल्यासारखं वाटे. एकदा एक पोस्टमन दारातून आत डोकावला आणि नकळत चप्पल काढून हाताची घडी घालून उभा राहिला. "दिवसभर दवाखान्याचा हिरवा बघायचा, घरी आलं की शाळेचा पिवळा," सिस्टर म्हणत. "माणसाने राहायचं कुठे?"

या संसारात सिस्टरांच्या तक्रारी दोनच. एक ही भिंत. दुसरी छत्री.

छत्रीचं थोडक्यात सांगतो, कारण सिस्टर ती गोष्ट थोडक्यात कधीच सांगत नसत. पहिल्या पगारातून त्यांनी एक छत्री घेतली होती. मोरपिशी रंगाची, लाकडी मुठीची. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सर ती घेऊन शाळेत गेले आणि बसमध्ये विसरून आले. इथपर्यंत क्षम्य होतं. पण सर जबाबदार माणूस. ते बस डेपोच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर गेले, तिथे मोरपिशी नव्हती, मग तिथल्या माणसाने दाखवलेल्या तीन काळ्या छत्र्यांमधली त्यातल्या त्यात बरी निवडून घरी घेऊन आले. वर म्हणाले, "ही जास्त टिकेल." तेव्हापासून या घरातलं भांडण कुठल्याही रस्त्याने निघो, दुधावरून निघो की गॅसच्या नळीवरून, शेवटी ते छत्रीशी येऊन थांबे. काळी छत्री खरोखरच टिकली, हे त्यातलं सगळ्यात मोठं दुर्दैव.

असो. शब्द दिला त्याच दिवशी सर दुकानात गेले. इथेच घोडं पेंड खायला लागलं. कारण आवड विचारायची म्हणजे काय, तर सरळ "तुला काय आवडतं?" असं विचारायचं, हे तुम्हाआम्हाला कळतं. सर शिक्षक होते. मुलाला गणित येतं का, असं विचारून का कुठे गणित कळतं? परीक्षा घ्यावी लागते. तशी आवडही पद्धतशीर ठरवावी, पर्याय मांडावेत, निकाल काढावा आणि तो निकाल पत्नीच्या हातात ठेवावा, असा त्यांचा बेत होता. बेत प्रेमापोटीच होता. जगातले बरेचसे घोळ प्रेमापोटीच होतात.

दुकानदाराने त्यांच्यापुढे रंगांची वही टाकली. तिच्यात सोळाशे चाळीस छटा होत्या आणि प्रत्येकीला नाव होतं. 'ढगाचं माहेर', 'दुपारची डुलकी', 'संन्याशाची सावली'. सरांनी चष्मा पुसला. 'दुपारची डुलकी' आणि 'दुपारची डुलकी, गाढ' यांतला फरक त्यांना उजेडात नेऊनही दिसेना. दुकानदार म्हणाला, की फरक भिंतीवर दिसतो. सर म्हणाले, की मग भिंतीवरच बघू. दुकानदाराने त्या वेळी त्यांना थांबवलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण नमुन्याचे छोटे डबे विकायचे असताना कोणता दुकानदार गिऱ्हाइकाला थांबवेल?

सर दुकानात असताना इकडे पेंटर घर बघायला येऊन गेला होता. उंच, हडकुळा, दिवसातून मोजून चाळीस शब्द बोलणारा माणूस. त्याने सिस्टरांशी काय ते बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी सर फिरायला गेले होते ते परत आले, तेव्हा गॅलरीत वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेला एक मोठा डबा उभा होता. पेंटरचं काही सामान असेल, असं सरांनी गृहीत धरलं आणि चौकशी केली नाही. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे त्यांनी तिसरीच्या छत्तीस तुकड्यांना शिकवलं होतं.

पेंटर कामाला हजर झाला, पण शिडीशिवाय. शिडी खाली वॉचमनने अडवली होती. लिफ्टमधून शिडी न्यायला इमारतीच्या सेक्रेटरींची चिठ्ठी लागते, चिठ्ठीला अर्ज लागतो, आणि अर्ज तीन प्रतींत लागतो.

सेक्रेटरी हे भले गृहस्थ होते. इमारतीसाठी झिजत, आणि आपण झिजतो आहोत हे प्रत्येक सूचनेखाली लिहीत. त्यांच्या अर्जात एक रकाना होता: 'रंगाची छटा (मान्य यादीप्रमाणे)'. सरांनी विचारलं, की घराच्या आतल्या भिंतीला मान्य यादी कशाला? सेक्रेटरी म्हणाले, की नियम बाहेरच्या भिंतीचा आहे, पण अर्ज एकच छापलेला आहे. सर म्हणाले, की छटा अजून ठरलेली नाही. ठरवायची तर नमुने लावायला हवेत आणि नमुने लावायला शिडी हवी. सेक्रेटरी म्हणाले, की शिडीसाठीच तर अर्ज आहे. दोघेही एकमेकांकडे समजूतदारपणे बघत राहिले.

पहिला अर्ज छटेचा रकाना रिकामा म्हणून परत आला. दुसऱ्यात सरांनी 'ठरायची आहे' असं लिहिलं. या नावाची छटा यादीत नाही, असा शेरा पडला. तिसरा परत आला तो मात्र सरांच्या स्वभावामुळे. छापील अर्जात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या आणि सरांच्या खिशात लाल पेन होतं. त्यांनी चुका दुरुस्त केल्या आणि सवयीने खाली दहापैकी सहा गुण दिले. अर्जाचा मजकूर सेक्रेटरींनी स्वतः लिहिलेला होता. 'खाडाखोड केल्याने नामंजूर' असं लिहिताना त्यांनी पेन कागदात रुतवलं होतं, हे मागच्या बाजूवरून कळत होतं. सरांचाही मान दुखावला. सहा गुण त्यांनी सढळ हाताने दिले होते.

"शिडी राहू दे," सर पेंटरला म्हणाले. "हाताला पोचेल तेवढ्याच भिंतीवर नमुने लावू. कशावर तरी उभं राहू."

पेंटरने गॅलरीतला डबा उचलून आणला आणि भिंतीशी ठेवला. मग डब्याकडे बघत विचारलं, "सर, ताईंचं काय म्हणणं आहे रंगाबद्दल?"

"अरे, हे सगळं तिच्याच आवडीसाठी चाललंय," सर म्हणाले आणि डब्यावर चढले.

पेंटर 'बरं' म्हणाला. त्या दिवसाचा त्याचा चाळिसावा शब्द तोच असावा.

पिवळ्या भिंतीवर पाटीएवढे चौकोन उमटू लागले. सरांनी चारच ठरवले होते. पण चार चौकोन बघायला समोरच्या काकू आल्या. काकूंचं आणि सरांचं दार समोरासमोर. काकूंच्या दाराला डोळा होता आणि त्या डोळ्याला सहसा काकूंचा डोळा लागलेला असे. त्यांनी चारही रंग बाद केले. फिकट रंगाने खोली मोठी दिसते, त्यांच्या मावसबहिणीची खोली तर इतकी मोठी दिसू लागली, की तिला फर्निचर कमी वाटायला लागलं आणि त्या खर्चावरून नवराबायकोत अबोला धरला गेला. म्हणून फिकट लावा, पण फार फिकट नको. झाले सहा चौकोन. मग चौथ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर आले. ते मागे हात बांधून भिंतीसमोर उभे राहिले आणि कर्ज नाकारण्याच्या सुरात म्हणाले, की पूर्वेकडच्या खोलीला थंड रंग लागतो. खोली पश्चिमेकडची आहे, असं सरांनी सांगितलं. मॅनेजर म्हणाले, तरीही. झाले नऊ.

बातमी पसरली. लोक चौकोन बघायला येऊ लागले, आणि रिकाम्या हाताने कोणी येईना. जो तो सल्ला घेऊन येई. अमक्या रंगाने झोप लागते, तमक्याने भूक लागते, एकाने म्हणे पाहुणे लवकर जातात. त्याचा चौकोन दोन-तीन घरांनी गुपचूप वहीत टिपून घेतला. आठवडा संपता संपता भिंतीवर चोवीस चौकोन झाले. सहाच्या चार ओळी. सिस्टर कामावरून येत, पर्स ठेवत, भिंतीकडे एक नजर टाकत आणि म्हणत, "आज तीन वाढले." त्यात राग नव्हता. रुग्णाचा ताप लिहून घेताना लागतो तसा आवाज होता. ताप वाढला म्हणून परिचारिका ओरडत नाही. ती तक्त्यावर नोंद करते आणि डॉक्टरची वाट बघते.

पेंटरने एकदा पुन्हा विषय काढला. म्हणाला, "सर, ताईंना एकदा बोलवायचं का?" सर म्हणाले, की तिला उगाच मधल्या गोंधळात ओढायचं नाही, निकाल लागला की थेट सांगायचं. पेंटरने डब्यावर हलकेच दोनदा टकटक केलं. सरांना वाटलं, ही या लोकांची काहीतरी सवय असेल.

चोवीस पर्याय झाल्यावर सरांच्या मते परीक्षा घेण्यासारखी परिस्थिती आली. त्यांनी प्रत्येक चौकोनाला क्रमांक दिला. चिठ्ठ्या चिकटवायला सिस्टरांच्या पेटीतली जखमेवरची पांढरी पट्टी वापरली. मग मतपत्रिका कापल्या आणि मतदारांची यादी हजेरीपटावर उतरवली. त्यांच्याकडे एक कोरा हजेरीपट होता. निवृत्तीच्या दिवशी तो शाळेने त्यांना आठवण म्हणून दिला होता आणि त्यावर कधीतरी खऱ्या माणसांची नावं लिहायला मिळावीत, ही त्यांची मनातली इच्छा होती. क्रमांक एकवर, मानाने, सिस्टर. त्याखाली काकू, मॅनेजर, पाढ्यांची सगळी मुलं, पेंटर, वॉचमन. एकूण सत्तावीस. रुसवा नको म्हणून त्यातच सेक्रेटरीही. त्यांनी मतपत्रिका स्वीकारली आणि पोच मागितली.

चार दिवस मतदान चाललं. सर स्वतः दारोदार कागद वाटत होते. मुलांना त्यांनी नीट समजावून सांगितलं, की मत म्हणजे काय, ते दुसऱ्याला दाखवायचं नाही, शेजाऱ्याचं बघून लिहायचं नाही. मुलांनी इतक्या गंभीरपणे मतं दिली, की एका मुलीने 'विचार करून सांगते' असं म्हणून कागद घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी आईची सही घेऊन आणला.

आणि मग पट्ट्या पडल्या.

ताज्या रंगावर पट्टी किती काळ धरणार? एके दुपारी सर डुलकी काढत होते आणि काकू वाटीभर साखर परत द्यायला आल्या. बघतात तर निम्मे क्रमांक जमिनीवर आणि उरलेले लटकलेले. काकूंचा स्वभाव मदतीचा. सरांची झोप न मोडता त्यांनी सगळे क्रमांक पुन्हा व्यवस्थित लावून टाकले, कॅलेंडरसारखे, डावीकडून उजवीकडे, ओळीने. सरांनी मात्र ते वर्गातल्या बाकांसारखे लावले होते: खिडकीपासून सुरुवात, वरून खाली, रांगेने. छत्तीस वर्षं त्यांचा हजेरी क्रमांक एक खिडकीशी बसत आला होता.

शुक्रवारी संध्याकाळी निकाल. पाहुण्या यायला मध्ये एक शनिवार तेवढा उरलेला. बैठकीत मुलं सतरंजीवर, मोठी माणसं कडेला, सिस्टर आत सगळ्यांसाठी चहा टाकत होत्या. त्यांच्या निवृत्तीला एक दिवस झाला होता. सरांनी मतं मोजली आणि जाहीर केलं, की नऊ मतं मिळवून क्रमांक अकरा पहिला आला आहे. टाळ्या झाल्या. मग सगळे भिंतीकडे वळले.

अकरावर एक फिकट पोपटी होता. मॅनेजर म्हणाले, की आपण अकराला मत दिलं तेव्हा तो बदामी होता. मुलांतले निम्मे बदामी म्हणाले, निम्मे पोपटी. ज्याने सोमवारी मत दिलं त्याचा बदामी, ज्याने बुधवारनंतर दिलं त्याचा पोपटी. पेंटरला विचारलं, तर त्याच्या हिशेबाने त्याने अकरावा लावलेला चौकोन वेगळाच होता, राखाडी. सेक्रेटरींनी विचारलं, की मतमोजणीवर हरकत नोंदवायचा अर्ज कुठे मिळेल. काकू म्हणाल्या, की त्यांनी तर फक्त मदत केली होती, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग सगळे काकूंची समजूत घालण्यात गुंतले. पाच मिनिटं रंगाचा विषयच मागे पडला.

सर हताश झाले नाहीत. पूर्वी एकदा एका सहामाहीला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पाण्याच्या माठात पडला होता, त्यातूनही ते निभावले होते. ते डब्यावर चढले, हजेरीपट उघडला आणि म्हणाले, "फेरपरीक्षा. मी नाव घेईन, त्याने उभं राहून चौकोनावर बोट ठेवायचं. क्रमांक नाही, चौकोन. क्रमांक एक."

कोणी उभं राहिलं नाही.

"क्रमांक एक," सर पुन्हा म्हणाले. सवयीने त्यांची नजर पटावर होती आणि बोट नावावर.

"हजर," आतून आवाज आला.

सिस्टर हात पुसत दारात आल्या आणि तिसरीतल्या मुलीसारख्या ताठ उभ्या राहिल्या. सरांचं बोट त्या नावासमोरच्या चौकटीवर होतं. सव्वीस चौकटींत 'कागद दिला' अशी खूण होती. ही एक चौकट कोरी होती.

"तुझा पहिला कागद?" सरांनी विचारलं, पण विचारतानाच त्यांचा आवाज जिन्यावरून उतरावा तसा खाली खाली गेला.

"मला कागद मिळालाच नाही, सर," सिस्टर म्हणाल्या.

एकतीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदाच सर म्हटलं होतं. मुलांना कळलं, की कोणीतरी चुकलंय, आणि ते आपण नाही. अशी संधी वर्गात क्वचित येते, म्हणून ती डोळे विस्फारून बघत होती. वॉचमनला कागद मिळाला होता. दुकानदारालाही, निरीक्षक म्हणून, एक मिळाला होता. ज्या माणसासाठी ही परीक्षा मांडली होती, त्या माणसालाच बसवायचं राहिलं होतं. दात घासताना दिलेला शब्द सरांना अक्षर न् अक्षर आठवला. ब्रश लागणार नाही म्हणाले होते. चोवीस वेळा लागला होता.

छत्तीस वर्षांत सरांनी मुलांना एक गोष्ट मात्र नेमाने शिकवली होती: चुकलं की उभं राहायचं आणि चुकलं म्हणायचं. उभे ते होतेच.

"माझं चुकलं," सर म्हणाले. आणि मग, तीन आठवडे उशिरा, सरळ विचारलं, "तुला कोणता रंग हवाय गं?"

सिस्टरांनी फक्त पेंटरकडे बघून मान हलवली.

पेंटर भिंतीशी टेकून उभा होता तो पुढे झाला. "सर, खाली उतरा," तो म्हणाला.

"का?"

"तुम्ही ज्याच्यावर उभे आहात ना, ते उघडायचंय."

मग एकदम सगळं बाहेर आलं. पेंटर घर बघायला आला त्याच दिवशी सिस्टरांनी त्याला रंग सांगितला होता. दुसऱ्या दिवशी डबा घरात होता. एकच अट होती: यांनी मला विचारलं, की त्याच क्षणी उघडायचा, त्याआधी नाही, आणि सांगायचंही नाही. पेंटरने शब्द पाळला होता. वीस दिवस सर त्या डब्यावर उभे राहून रंग शोधत होते. आजचा निकालही त्यांनी त्याच्यावरूनच जाहीर केला होता.

"मग तू बोलली का नाहीस?" सरांनी विचारलं.

"तुम्ही विचारणार म्हणाला होतात," सिस्टर म्हणाल्या. "मी वाट बघत होते. थोडी मजाही बघत होते, खोटं कशाला बोलू?"

पेंटरने सुतळी कापली, वर्तमानपत्र फाडलं, झाकणाखाली पटाशी घातली. झाकण टक्कन उघडलं. मुलं सतरंजी सोडून भोवती गोळा झाली. मॅनेजर हात बांधायचे विसरून वाकले. आत काठोकाठ, स्थिर, चकचकीत मोरपिशी रंग होता. चोवीस चौकोनांत त्याच्या जवळपास जाणारा एकही नव्हता. तो सुचवायला इमारतीत कोणाची छाती झाली नव्हती.

सरांनी वाकून डब्यात बघितलं. मग पत्नीकडे बघून हळूच म्हणाले, "अगं, छत्री सापडली."

सिस्टर हसल्या, आणि तोंडावर हात ठेवून हसतच राहिल्या. काकूंना काही कळलं नाही, तरी त्यांनी डोळे पुसले, भरलेले होतेच.

शनिवारी सकाळी सहाला काम सुरू झालं. शिडी अजूनही खालीच होती, पण मॅनेजर स्वयंपाकघरातलं उंच स्टूल घेऊन आले आणि पेंटरने लांब दांड्याला रोलर बांधला. त्याने त्या दिवशी चाळिसाहून जास्त शब्द वापरले. म्हणाला, की फिकट रंग असता तर हे चोवीस चौकोन खालून डोकावत राहिले असते, वर्षभर. हा गडद आहे म्हणून दोन हातांत सगळं पोटात घेईल. दुपारपर्यंत पहिला हात, पंखे आणि खिडक्या उघड्या ठेवून वाळवण, संध्याकाळी दुसरा. सर मधूनमधून सिस्टरांना विचारत होते. कडेला पट्टी काढू का? कपाट इथे राहू दे का? चहा ठेवू का? शेवटी सिस्टर म्हणाल्या, की आता जरा कमी विचारलंत तरी चालेल. कपाटामागे हातभर जागा शाळेच्या पिवळ्याचीच ठेवायची परवानगी मात्र सरांनी रीतसर मागितली आणि मिळवली. कपाट सरकवल्याशिवाय ती दिसत नाही. सर वर्षातून एकदा कपाट सरकवतात, म्हणे केर काढायला.

रविवारी अकरा परिचारिका आल्या. दारातून आत पाऊल टाकलं आणि सगळ्या एका ओळीत थांबल्या. हिरव्या भिंतींत आयुष्य काढलेली ती माणसं त्या मोरपिशी भिंतींकडे बघत राहिली. मग त्यांच्यातली सगळ्यात धाकटी म्हणाली, "सिस्टर, तुम्ही अशा घरात राहता आणि आम्हाला कधी बोलावलं नाहीत?" सिस्टरांनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा चहाचे कप मोजत होता, तल्लीन होऊन.

चहा संपत आला तेव्हा दारावर सेक्रेटरी उभे राहिले. हातात तोच अर्ज, चौथ्यांदा. सरांच्या चार दुरुस्त्या त्यात छापून घेतल्या होत्या. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, सरांनीही नाही, पण दोघांत एक समेट होऊन गेला. काम होऊन गेलं असलं तरी कागद पूर्ण असावा, एवढंच सेक्रेटरींचं म्हणणं होतं. छटेचा रकाना तेवढा भरून द्यायचा.

सरांनी पेन काढलं आणि थांबले. "काय लिहू गं?" त्यांनी आत वळून विचारलं.

सिस्टरांनी सांगितलं. सरांनी वळणदार अक्षरात लिहिलं: 'छत्री'. आणि सही करायला पेन सिस्टरांच्या हातात दिलं.

सेक्रेटरींनी कागद दूर धरून वाचला. "या नावाचा रंग यादीत नाही, सर."

"आमच्या यादीत आहे," सर म्हणाले. "एकतीस वर्षांपासून. आत या, चहा घ्या."